कागद ऐकणारे मोठेबाबा

आमचे मोठेबाबा कागद वाचत नाहीत, ऐकतात.

लग्नाची पत्रिका येऊ द्या, विजेचं बिल येऊ द्या, नाहीतर उमेदवाराचं हसरं तोंड छापलेलं पत्रक येऊ द्या. मोठेबाबा तो कागद कानाजवळ नेतात, अंगठ्याने कोपरा वाकवून सोडतात आणि डोळे मिटून फडफड ऐकतात. मग कागद कसा आहे त्याचा निकाल देतात. निकाल दोनच: "जिता हाये" किंवा "मेला हाये". मागच्या उन्हाळ्यात अल्लीपूरचे सोयरे मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. मोठेबाबांनी पत्रिका कानाशी धरली आणि भर बैठकीत गंभीरपणे म्हणाले, "मेला हाये." पाहुण्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. नवरदेवाचे आजोबा तेव्हा दवाखान्यात होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वर्ध्याला एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. कचेरीतले सुटे कागद गोळा करायचे, दाभणाने भोकं पाडायची, दोरा ओवायचा आणि फायली शिवायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते गावी आले, पण दाभण काही निवृत्त झालं नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. आंजीच्या जरा पुढे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आमची विहार कमिटी ओळखेल, आणि तिला सध्या माझा पुरेसा राग आहे.

मी वाढले ती पत्रकांवर. वडील जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तिकांचा ठेला लावायचे. बाकीची पोरं पाटीवर अक्षरं शिकली, मी 'बंधूंनो, किती दिवस झोपणार?' या ओळीवर शिकले. लिहिलेल्या शब्दाने काहीतरी हललंच पाहिजे, अशी माझी श्रद्धा. मोठेबाबांची श्रद्धा बरोबर उलटी: शिवलेलं पान हलता कामा नये. "माह्या हातचं पान हलत नाई," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की त्यांची बायको, आमची मोठी आई, भाकरी थापताना त्याच्यावर ताल धरते.

आमच्या घरात उरलेल्या कागदाला सुटका नाही. बुद्धपौर्णिमेला मोठेबाबा कामट्यांचे कंदील करतात. त्या आधी शिमग्याला पळसाची फुलं भिजवून ठेवतात, आणि त्या पिवळ्याधमक पाण्यात वह्यांचे अस्तराचे कागद रंगवतात. पुठ्ठ्यासाठी मैद्याची खळ लागते, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद लागतो, आणि हे सगळं शिजवायला पातेलं लागतं. ते पातेलं नेहमी मोठ्या आईचं असतं.

"वरणाच्या गंजात इख शिजवता काय वो?" ती ओरडते.

"इख नाई, खळ हाये. वरणापेक्षा चांगली चिकटते."

तान्ह्या पोळ्याला ते कागदाच्या लगद्याचे बैल करतात. पलीकडच्या गल्लीतल्या कास्तकारांची पोरं ते बैल मिरवतात आणि दारोदार बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागतात. एका वर्षी मी सणांच्या उधळपट्टीविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं होतं. ते फारसं खपलं नाही. उरलेल्या प्रतींचे अकरा बैल झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा मथळा गावभर फिरला. 'समाजा, जागा हो' यातला 'समाजा' एका बैलाच्या पुठ्ठ्यावर आणि 'जागा हो' दुसऱ्याच्या वशिंडावर. त्यांची शिंगं निळी रंगवली होती. मी दोन दिवस मोठेबाबांशी बोलले नाही. त्यांना ते कळलं नाही, कारण खळ उकळत होती.

पण खरा जाच म्हणजे वह्या. बुद्धपौर्णिमेला घरातल्या प्रत्येकाला मोठेबाबांच्या हातची एक वही मिळते आणि तीत रोज लिहायचं असतं. जेवणाच्या पाटावर बसलं की चौकशी सुरू.

"लिवलं का आज?"

"नाही मोठेबाबा."

"काऊन नाई लिवलं? वही काय शोभेले देल्ली?"

वही ते वाचत नाहीत. नुसती पानं सरकवून भरली की नाही ते बघतात. स्वतःची मात्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि तीत रोज एकच वाक्य असतं: 'आज विशेष काही नाही.' फार झालं तर एखादी जोडओळ. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं त्या दिवशीचं पान आम्हाला सगळ्यांना पाठ आहे: 'आज विशेष काही नाही. पाहुणे जेवले.' ती सासरी निघाली तेव्हा हा माणूस मांडवामागे पत्रिकांचा गठ्ठा कानाशी धरून बसला होता.

"उद्या मी मेली तरी तुमच्या वहीत विशेष काही नसनच," मोठी आई म्हणते.

"पाहुणे जेवले का ते लिवीन ना."

या सगळ्यात त्यांचा खरा जीव होता तो विहारातल्या ग्रंथात. वर्षावासात, म्हणजे आषाढी ते अश्विनी पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात, मेणबत्त्या लागतात आणि बागडे गुरुजी वाचतात. विहाराची ही प्रत जुनी, रोजच्या हाताळणीने दरवर्षी सुटी होते. म्हणून आषाढी पौर्णिमेच्या आधी ती आमच्या घरी येते आणि मोठेबाबा ती नव्याने शिवतात. त्या दिवशी ते दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात आणि खळीलासुद्धा वेगळं पातेलं घेतात. मोठी आई त्या दिवशी भांडत नाही. मी एकदा विचारलं, एवढं काय त्यात? म्हणाले, "कचेरीत इतलं शिवलं, कोनं उघडून नाई पाह्यलं. हे एक रोज उघडतेत."

आता माझं पत्रक.

विहाराच्या मागे एक खोली आहे. तीत लाउडस्पीकरचे भोंगे राहतात, प्लास्टिकच्या खुर्च्या राहतात, मंडपाचं कापड राहतं. गावातल्या मुलींना मात्र अभ्यासाला जागा नाही. घरात टीव्ही, अंगणात म्हातारे, आणि अभ्यासिका वर्ध्याला, म्हणजे येण्याजाण्यात एसटीची वाट बघता बघता दिवस संपतो. खोली मुलींना द्या, एवढीच मागणी. मी तीन अर्ज केले. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "पाहू." मग मी चार-पाच पानांचं पत्रक लिहिलं, 'खोली उघडा'.

छापायला जाणार तर मोठेबाबा मध्ये आले. "या बारी साईज मोठी घे. कागद मी आनतो. आन् अक्षर ठळक ठेवजो, चष्मेवाल्याले दिसलं पाह्यजे."

त्यांनी वर्ध्याहून कागद आणला, दुकानदाराच्या नाकासमोर प्रत्येक रीम कानाशी धरून. मी म्हटलं, म्हातारपणचा विरंगुळा आहे, असू द्या.

पत्रक मी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या फाटकाशी उभी राहून वाटलं. काही बायका त्यावर बसल्या, काहींनी त्यात पोरांसाठी फुटाणे बांधले. अध्यक्षांनी माझ्यादेखत त्याने भोंगा पुसला आणि म्हणाले, "वाचतो बाई सवडीनं." गठ्ठा जवळजवळ तसाच घरी आला.

"उरले काय वो मित्रे?" मोठेबाबांनी विचारलं. माझं नाव संघमित्रा.

"उरले."

"दे इकडं."

मी दिले. मनात म्हटलं, चला, यंदा बैल माझ्या खोलीचे. पण पोळा आला, तेव्हा बैल जुन्या कॅलेंडरांचे निघाले. म्हणजे माझं लिखाण आता बैलालाही चालत नव्हतं.

पोळा होऊन चारेक दिवस झाले असतील. संध्याकाळचं वाचन चालू होतं. बागडे गुरुजींची एक चाल आहे. एकदा ती लागली की ते पृष्ठक्रमांकही त्याच चालीत वाचतात. एक अध्याय संपला. सगळ्यांनी हात जोडले, "साधु, साधु, साधु" झालं. गुरुजींनी पान उलटलं आणि त्याच सुरात सुरू केलं:

"ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याने आधी कुलपाचा विचार करावा."

मी मान वर केली. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

"ज्या घरात खुर्च्यांना छप्पर आहे आणि लेकींना नाही, ते घर कोणाचं?"

शेजारच्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. अध्यक्ष पहिल्या ओळीत डोळे मिटून, हात जोडून, मान डोलावत बसले होते. उठून थांबवावं तर वाचन मोडलं असं होणार, बसून राहावं तर पुढे काय लिहिलंय ते मलाच माहीत होतं. गुरुजी रंगात आले होते.

"फाटकाला दरवर्षी ऑइलपेंट लागतो, आणि मुलींच्या पुस्तकांना फळी मिळत नाही."

"साधु, साधु," मागून कोणीतरी म्हणालं. अध्यक्षांची मान डोलायची थांबली. त्यांनी एक डोळा उघडला. गुरुजी मात्र शेवटपर्यंत थांबले नाहीत. "वाचून झाल्यावर प्रत पुढच्याला द्यावी," असं त्याच चालीत म्हणाले आणि ग्रंथ पुढच्याला द्यायला खरोखरच उचलला. तेव्हा त्यांनाही शंका आली.

मग अध्यक्ष उठले. "ग्रंथात हे कोनं घुसवलं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोठेबाबा उभे राहिले.

"माहं चुकलं," ते म्हणाले. "टेबलावर पडेल होतं. ध्यान नोहोतं. शिवल्या गेलं."

'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. एकदा आजोबांच्या सातबाऱ्यात त्यांनी केळीच्या वेफरची जाहिरात शिवली होती, तेव्हाही ते म्हणाले होते, "दोघायची साईज एकच हाये, तं माहा काय दोष?"

"आता डोळे गेले तुमचे दादा," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या साली ग्रंथ वर्ध्याले देऊ. स्पायरल करून आनू. ही पानं उद्यापर्यंत काढून द्या."

मोठेबाबांनी ग्रंथ कापडात गुंडाळला आणि मानेने हो म्हटलं.

वाटेत आणि घरी मी त्यांना काय काय बोलले! न वाचता शिवायची ही कसली खोड, आता कमिटी खोलीचा विषयसुद्धा काढू देणार नाही, सगळं गाव हसेल. ते हात धूत होते. "बरं," म्हणाले. "बरं वो." सकाळी त्यांनी ग्रंथ माझ्यासमोर ठेवला, बाजूला ब्लेड ठेवलं. "तूच काढ. तुही पानं हायेत."

मी रागातच ग्रंथ उघडला. माझी पानं दोन अध्यायांच्या बरोबर मध्ये होती, ग्रंथाचं एकही वाक्य त्यांनी तोडलं नव्हतं. कडा ग्रंथाच्या कडांशी अशा जुळल्या होत्या की बोटाला फरक कळत नव्हता. माझं नाव छापलेलं वरचं पान तेवढं काढून टाकलं होतं. आणि सगळा ग्रंथ मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, फक्त माझी पानं एका बारीक निळ्या दोऱ्यावर, वेगळी. गाठ बाहेर. ब्लेड लागलंच नाही. टोक ओढलं, तर पानं अलगद माझ्या हातात आली आणि ग्रंथाला सुईचं एक जास्तीचं भोकही राहिलं नाही.

"मोठेबाबा, हा दोरा वेगळा आहे."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "पांढरा सरला होता."

टेबलावर नारळाएवढं पांढरं रीळ पडलं होतं.

"सरला होता कुठं?" चुलीपाशी बसलेली मोठी आई म्हणाली. "जेठातच तं आनला वर्ध्याहून. मले म्हनत, या बारी दोरा लय लागन."

मोठेबाबा खळ ढवळायला निघून गेले. पातेल्यात खळ नव्हती.

त्या संध्याकाळी गुरुजींनी चष्मा पुसून पुसून पुढचा अध्याय सुरू केला. मध्येच ती शेजारची म्हातारी म्हणाली, "गुरुजी, थे कालचं काऊन नाई? थ्या खोलीचं पुढं काय झालं?"

"ते ग्रंथातलं नव्हतं बाई."

"नसन. पन खोली तं हाये ना मागं?"

बायका अध्यक्षांकडे बघायला लागल्या. अध्यक्ष मेणबत्तीकडे बघायला लागले. खोली अजून उघडलेली नाही, हे इथे लिहून ठेवते. पण म्हातारी रोज विचारते, आणि अध्यक्ष आता पहिल्या ओळीत बसत नाहीत.

त्या रात्री पाटावर बसलो. मोठेबाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "लिवलं का आज?" मी लिहिलं नव्हतं. त्यांनी आपली वही काढली, चष्मा लावला आणि वाचली.

"आज विशेष काही नाही."

मोठी आई टोमणा मारायला तोंड उघडणार होती. पण त्यांनी वही मिटली नव्हती. खाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी जरा थांबून, गुरुजींच्या चालीत नाही, आपल्या साध्या आवाजात वाचली.

"ग्रंथ शेवटचा शिवला. चांगला उघडला."

मोठ्या आईने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.