गायब बाक आणि अर्धी दाढी

"यांना नुसते डोळे म्हणू नका, जावईबापू. ही दोन चौकशी कार्यालयं आहेत. आणि दोन्ही अहोरात्र उघडी."

एवढं म्हणून तपासराव सणसणीत शिंकले आणि दोन्ही कार्यालयं क्षणभर बंद झाली.

तपासराव हे नाव गावानं ठेवलं होतं, पण ती आपली पदवी आहे असा त्यांचा समज होता. त्यांची उभी हयात बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर बस सुटली, तपासणी सुटली नाही. हरवलेली चप्पल असो की गच्चीवरून उडालेली चादर, त्यांचा पहिला संशय खुनाचाच असे. मदतीला त्यांनी आपल्या जावयाला धरलं होतं. जावयाला सासरी मान असतो, असं तो बिचारा लग्नाआधी ऐकून होता. प्रत्यक्षात त्याच्या हाती भिंग, बॅटरी आणि सासऱ्यांची छत्री आली.

या वेळी प्रकरण खरंच गंभीर होतं. बस थांब्यावरचं बाक नाहीसं झालं होतं.

समुद्राकाठचं ते गाव गेल्या काही वर्षांत पावाच्या पिठासारखं फुगलं होतं. जिथं होड्या ओढून ठेवत, तिथं आता गाड्या लावण्यावरून भांडणं होत. शहरात नोकरीला जाणाऱ्यांसाठी इमारतीमागून इमारती उठल्या. त्यांत राहणारे ते 'फ्लॅटवाले' आणि आधीपासूनचे ते 'मूळचे'. दोघांच्या सामाईक मालकीचं म्हणावं असं ते एकच बाक होतं. सकाळी त्यावर फ्लॅटवाले बसची वाट बघत बसायचे आणि संध्याकाळी मूळचे कशाचीच वाट न बघता बसायचे.

बाक गेलं आणि दोन्हीकडची तोंडं सुटली. "यांनीच नेलं बागेत ठेवायला," असं मूळचे म्हणाले. "आम्ही उभं राहावं म्हणून यांनीच लपवलं," असं फ्लॅटवाले म्हणाले. नेमक्या त्याच रविवारी बस कंपनीचे साहेब गावच्या सभागृहात येणार होते. सकाळची दुसरी बस हवी तर सगळ्या गावानं एकमुखानं मागावी, असं त्यांचं म्हणणं. मूळच्यांचे पुढारी होडीवाले काका यांनी जाहीर करून टाकलं, "बाक दिसत नाही तोवर आम्ही बसबद्दल चकार शब्द काढणार नाही."

जावई होता फ्लॅटवाला आणि बायको मूळच्यांतली, त्यामुळे तो दोन्हीकडून बोलणी खायचा. वर रोज बसच्या दांडीला लोंबकळत कामावर जायचा. बायकोनं त्याला सांगून ठेवलं होतं, "दुसरी बस झाली नाही तर शहरातच घर बघू. तुझे हाल बघवत नाहीत. पण बाबांना इतक्यात बोलू नकोस, खचतील."

म्हणून तो भिंग घेऊन मुकाट्यानं सासऱ्यांच्या मागे फिरत होता. बाक सापडायलाच हवं होतं.

तपासराव थांब्यावर ओणवे झाले. मातीत पायांच्या चार खुणा होत्या.

"चार पाय," ते पुटपुटले. "गुन्हेगार जनावर आहे किंवा दोन माणसं आहेत."

"बाबा, ते बाकाचे पाय आहेत."

"तेही असू शकतं," तपासराव उदारपणे म्हणाले. "आपण कुठलीच शक्यता सोडत नाही."

पहिला संशय बिल्डरवर गेला. त्याच्या नव्या इमारतीतल्या नमुना फ्लॅटच्या दिवाणखान्यात म्हणे बसायची उत्तम सोय होती. तपासराव गिऱ्हाईक बनून आत शिरले आणि पाळत ठेवण्यासाठी सोफ्यावर बसले. सोफा इतका मऊ निघाला की पाळत घोरू लागली. शेवटी बिल्डरच्या माणसानं हलवून विचारलं, "काका, फ्लॅट बघायचाय की इथंच राहायचंय?"

दुसरा संशय न्हाव्यावर. दुकानात गिऱ्हाइकांसाठी नवं हिरवं बाक आलेलं. "रंग बदलला म्हणून जात बदलत नाही!" तपासराव कुजबुजले. न्हाव्याचं लक्ष गुंतवायला त्यांनी जावयाला दाढीला बसवलं आणि स्वतः खाली बसून किल्लीनं रंग खरवडू लागले. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली न्हाव्याचा संताप.

"माझ्या आजोबांचं बाक आहे ते! उठा! दोघंही उठा!"

"अहो, पण माझी दुसरी बाजू..." जावई फेसातून म्हणाला.

"ती सासऱ्यांकडून करून घ्या!"

जावई तसाच अर्ध्या दाढीनं घरी आला. घरी दाढीचं सामान नव्हतं आणि दुसरा न्हावी जवळपास नव्हता. बायको हसून हसून खाली बसली. सासूबाई तेवढ्यात घाईनं चपला घालत होत्या.

"आई, इतक्या उन्हात कुठं?"

"आले जरा," म्हणून त्या गेल्या. तपासराव त्या वेळी चटईवर संशयितांची नावं आठवत उताणे पडले होते. त्यांना बायकोची सावलीही दिसली नाही.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. डावीकडे मूळचे, उजवीकडे फ्लॅटवाले आणि मध्ये बस कंपनीचे साहेब, घड्याळाकडे बघत. बाई माणूस एकही नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तपासराव उठले. जावई दोन पावलं मागं सरकला, कारण सासऱ्यांनी काल रात्रीपासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"सभ्य गृहस्थहो! बसायला जागा नाही म्हणून रोज कुरकुर कोण करतं? प्रत्येक तपासात माझ्याआधी पुरावा कोण हाताळतं? आणि अर्धी दाढी ठेवून वेशांतर कोण करतं?" त्यांचं बोट गरकन फिरलं. "काळीज दगडाचं करून सांगतो. चोर माझा जावई आहे!"

एकच गलका झाला. होडीवाले काका उठले. "बघा! घरात पोरगी दिली, तरी फ्लॅटवाला तो फ्लॅटवालाच!" सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "आमच्या माणसावर आळ घेता?" जावयानं हातातलं भिंग खाली ठेवलं. बसला लोंबकळणं त्यानं सोसलं होतं, हे सोसवेना.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून बायकांच्या हसण्याचा असा लोट आला की सगळे गप्प झाले. मागचं दार उघडलं आणि चहाचा ट्रे घेऊन सासूबाई आत आल्या.

"काय आरडाओरडा चाललाय? बाहेर आम्हाला एकमेकींचं ऐकू येईना."

"अगं, बाकाची चोरी उघडकीस आणलीय मी!"

"कुठलं बाक? थांब्यावरचं? ते मागं आहे की."

सभागृहामागं भांडी घासायची जागा होती. तिथं आजवर एकाही पुरुषाचं पाऊल पडलेलं नव्हतं. सगळं गाव दारातून वाकून बघू लागलं. समुद्राचा वारा, भिंतीची गार सावली आणि सावलीत ते बाक. बाकावर मासेवाली आणि दुसऱ्या मजल्यावरची बँकवाली शेंगा सोलत खेटून बसल्या होत्या. होडीवाल्या काकांची सून सेक्रेटरींच्या आईच्या केसांना तेल लावत होती.

"थांब्यावर ऊन मरणाचं," मासेवाली म्हणाली. "घातलं माझ्या गाडीवर आणि आणलं ढकलत. भर दुपारी आणलं. तुम्ही सगळे झोपला होता."

"मग सांगितलं का नाहीस?" तपासरावांचा आवाज चिरकला.

"तुम्ही विचारलंत का?" सासूबाई म्हणाल्या. "सगळं गाव पालथं घातलंत, घरात तोंडातून शब्द नाही."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "बाक राहू द्या. दुसऱ्या बसचं काय?"

"ते आमचं कधीच ठरलंय," बँकवाली म्हणाली. "पहिलीच्या मागोमाग दुसरी हवी आणि मासळीच्या टोपल्यांना मागं जागा. लिहून घ्या."

साहेबांनी वळून सभागृहाकडे पाहिलं. होडीवाले काका सुनेकडे बघत म्हणाले, "हो, हो, तसंच आमचं म्हणणं." सेक्रेटरींनी आईकडे बघून मान हलवली. गाव एकमुखानं बोललं, फक्त मुख दुसऱ्यांचं होतं.

पांगापांग झाल्यावर मुलगी तपासरावांपुढं उभी राहिली. "चार लोकांत त्याला चोर म्हणालात? बस झाली नसती तर आम्ही जाणार होतो इथून. तो गप्प राहिला, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तपासरावांनी जावयाकडची आपली छत्री स्वतः उचलली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग ते जावयाच्या दंडाला धरून न्हाव्याच्या दुकानाकडे चालू लागले. दारात न्हावी वस्तरा घेऊन उभाच होता.

"चूक झाली," तपासराव मान खाली घालून म्हणाले. ते न्हाव्याला म्हणाले की जावयाला, हे कळायला मार्ग नव्हता. पण हात जावयाच्या दंडावरच होता. "याची राहिलेली बाजू करून द्या. नीट करा. माझा एकुलता एक जावई आहे."

न्हाव्यानं खुर्ची झटकली. जावयानं मान मागं टाकून डोळे मिटले आणि तपासराव खरवडलेल्या बाकावर हात मांडीवर ठेवून निमूट बसून राहिले.