पंतांचा मंगळवार

दर शनिवारी सकाळी नरहरपंत अलिबागच्या बाजारातल्या तांदळाच्या वखारीत जाऊन स्वतःचं वजन करून घेत. पोती तोलायच्या काट्यावर कोट-टोपीसकट उभे राहत आणि हमालाला बजावत, "नीट बघ रे. पोतं कमी भरलं तर बदलून मिळतं, मला कोण बदलून देणार?"

शेर जाऊन किलो आले त्या वर्षी पंतांचा आकडा पासष्टावरून साठावर आला. "सरकारनं माझं पाच शेर मांस खाल्लं," असं ते गल्लीभर सांगत सुटले. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. शेर किलोपेक्षा लहान, म्हणून आकडा उतरला, हे मी त्यांना पाटीवर मांडून दाखवलं. पटलं. पण दोन महिन्यांत अठ्ठावन्न झाले, मग छप्पन्न.

"मास्तर, आता कुठलं माप बदललं?"



पंत कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लोकांच्या दारांवर समन्स चिकटवण्यात जन्म गेला, त्यामुळे कोणाच्या शब्दावर विश्वास म्हणून नाही. "पुरावा काय?" हे त्यांचं पालुपद. माझी बायको म्हणायची, "पंत, आज आमटी छान झालीय." की यांचं लगेच "पुरावा काय?" आणि वाटी पुढे.

मग ती वाटीही पुढे येईनाशी झाली. डोळे पिवळे झाले. अंगाला अशी खाज सुटली की पंत दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहत. गावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. सोबत मी गेलो. तिथे पोट उघडलं, पित्ताला दुसरीकडून वाट काढून दिली, कावीळ उतरली. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. काही महिने. त्यांना बोलू नका."

मी तोंडभर हसू घेऊन खाटेशी आलो.

"मास्तर, तुम्ही असे हसलात की मला धडकी भरते," पंत म्हणाले. "कॅन्सर ना? तीस वर्षं साहेबांच्या टेबलावरचे कागद उलटे वाचलेत मी." मग जरा वेळानं म्हणाले, "नाव तरी काय ठेवलंय! स्वादु म्हणे! जिभेला चव नाही. आणि पिंड तर मेल्यावर द्यायचा असतो, मी आत्ताच पोटात घेऊन फिरतोय."



घरी आल्यावर भेटायला रीघ लागली. कोणी अंगारा आणला, कोणी झाडपाला. "आमच्या साडूला अस्संच झालं होतं, आता ठणठणीत आहे," असं एक जण म्हणाला. पंत ताडकन म्हणाले, "आणा त्याला. इथे बसवा. मला त्याच्याशी बोलायचंय." साडू काही आला नाही. त्यानंतर जो येईल त्याला पंतांचा एकच प्रश्न, "माझ्यासारखा दुसरा कोणी माहीत आहे?" लोक घाबरून यायचे बंद झाले. सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजेपर्यंत मी चहाला हात लावत नसे.

एका मंगळवारी आम्ही जखम दाखवायला दवाखान्यात गेलो. बाकावर मुलासोबत एक बाई बसली होती. नऊवारी, पायाला मिठागराचा चिखल, डोळे हळदीसारखे. फणीनं कराकरा दंड खाजवत होती. पंत माझा हात सोडून थेट तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुम्ही स्वादुपिंडाच्या का?"

"न्हाय ओ," ती म्हणाली, "मी म्हात्र्यांची."

सगळा दवाखाना हसला. पंत हसले नाहीत. त्यांनी मुलाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, डॉक्टरांनी तेच नाव सांगितलंय, पण आई मुंबईला जायला तयार नाही.

"प्वाट फाडतील माजं," बाई म्हणाली. "मना भ्या वाटतं."

पंतांनी भर दवाखान्यात सदरा वर केला. "हे बघा. फाडलं आणि शिवलं. खाज चार दिवसांत गेली. बाकीचं गेलं नाही, ते जायचंही नाही. पण रात्री झोप लागते."

इतकं सरळ तिच्याशी कोणी बोललं नसावं. पुढच्याच आठवड्यात ती मुंबईला गेली.

ती परतल्यापासून पंत दर मंगळवारी इस्त्रीचा कोट घालून पोयनाडची एसटी धरू लागले. तिथून तिचं गाव पायवाटेनं अर्ध्या तासावर. "या वयात हे काय?" गल्ली कुजबुजली. पंतांनी खुलासा केला नाही. एकदा ते येताना तिच्याकडून टोपली घेऊन आले. ती उपडी करून पोटाशी धरायची आणि पुढे वाकून बसायचं, म्हणजे पाठीतली कळ सैल पडते, हे तिनं शिकवलेलं. ओटीवर टोपलीला मिठी मारून बसलेले पंत मला ऐकवत, "एवढे डॉक्टर झाले, एकालाही हे ठाऊक नव्हतं."

फाल्गुनात त्यांना चालवेना, तरी मंगळवार चुकवायला ते तयार नव्हते. मी सोबत गेलो. पोयनाडला उतरलो, समोर ती पायवाट. यांना तिथवर न्यायचं कसं?

वडाखाली एक बैलगाडी उभी होती. पेंढ्यावर म्हात्रीणबाई आडव्या होत्या, नुसती हाडं. मुलगा शरमून म्हणाला, "ऐकतच न्हाय. म्हनं आज त्यांच्यानं चालवनार न्हाय, मीच जातंय."

मी आणि त्यानं मिळून पंतांना गाडीत बसवलं.

"बाय, कशाला आलीस?" पंत कातावले.

"तुमी आलं न्हाय तर मना इचारनार कोन?" तिनं कसंबसं कोपरावर उठून त्यांच्याकडे पाहिलं. "आज भ्यालाव का?"

मंगळवारी ही दोघं काय बोलतात ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, पंत उडवून लावतील. मी एवढा शेजारी, मुंबईला उशाशी बसलेला, मला त्यांनी कधी हे विचारू दिलं नव्हतं.

पंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भ्यालोय," ते म्हणाले. "फार."

"मी पन," ती म्हणाली, आणि पेंढ्यावरून हात सरकवत तिनं त्यांचं मनगट धरलं.

पाऊस लागण्याआधी बाई गेल्या. त्यानंतर अकरा दिवसांनी पंत.

पण त्या दुपारी दोघं बराच वेळ तशीच बसून होती. परतीची एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच त्याला सांगितलं, जा.