दारावर कोणी येत नाही, असा सीन

"रडायचं काम माझ्यावर सोड, पोरी! तू फक्त तो कॅमेरा नीट धर!"

अभिमन आबांनी छातीवर हात मारून असं सांगितलं आणि मंडळी, बिघडायला सुरुवात तिथूनच झाली.

पोरीचं नाव ऋतिका. आबांच्या पुतण्याची मुलगी. जळगावला पिंप्राळ्यात राहते, शॉर्टफिल्म करते. या वेळची फिल्म आबांच्याच आयुष्यावर होती. आबा आणि सुकदेव नाना पारोळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एकत्र कामाला. नानांची बायको गेली तेव्हा त्यांचा पोरगा हितेंद्र दोन वर्षांचा. त्या वर्षी दोघांनी मिळून जी चूल मांडली, ती तीस वर्षं चालली! मग हितेंद्र धुळ्याला नोकरीला लागला आणि दोन वर्षांपूर्वी बापाला तिकडं घेऊन गेला.

गेल्या दिवाळीत ऋतिकानं सरळच विचारलं होतं, "आबा, तुमचं नानांवर प्रेम होतं?"

आबा भिंतीला टेकले. "होतं काय म्हणते? आहे. एकच भीती वाटते. उद्या सुकदेव गेला, तर लोक सांत्वनाला धुळ्याला, त्याच्या पोराच्या दारावर बसायला जातील. माझ्या दारावर कोण येईल? मी त्याचा कोण?"

तेवढ्यावर पोरीनं फिल्म लिहिली. नाना वारतात, आबा दारात एकटे बसतात, दारावर कोणी येत नाही. संपलं. आबांनी छातीवर हात मारला, तोच फिल्म महोत्सवाला पाठवायचा शेवटचा दिवस होता, आणि तो रिकाम्या दाराचा सीन तेवढा राहिला होता.

ओट्यावर पांढरी चादर अंथरली. भिंतीला नानांचा फोटो टांगला, त्याला झेंडूचा हार घातला. नानांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर त्यांनी मरण्यातही दहा चुका काढल्या असत्या! शूटिंगमध्ये वाजायला नको म्हणून आबांचा मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला.

ऊन असं की कोंबड्याही उभ्या उभ्या डुलक्या घेत होत्या. तीन तासांत आबा नऊ वेळा रडले. नवव्या वेळी घसा असा बसला, की गंजलेल्या हातपंपासारखा नुसता खर्र आवाज यायला लागला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी छगन स्कूटरवर आला. छगन म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. त्यानं चादर पाहिली, फोटो पाहिला, आबांचे सुजलेले डोळे पाहिले, आणि न विचारता गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'सुकदेव नाना गेले.' लोकांनी खात्री करायला हितेंद्रला फोन लावला. तो कारखान्यात. तिथं मोबाइल गेटवर जमा करतात. फोन उचलत नाही, म्हणजे नक्कीच!

दहा मिनिटांत पलीकडच्या गल्लीतल्या झुंबरबाई आल्या. त्यांचा सूर गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झाला, "माय वं! नाना कसे गेले वं!"

"कट! कट!" ऋतिका ओरडली. "अक्का, सरका ना! या सीनमध्ये कोणी येत नाही!"

"येत कसं नाही? आलो ना आम्ही!" झुंबरबाई चादरीवर बसल्यासुद्धा.

"अहो, हे शूटिंग आहे!"

"दिसतंय ते! दुःखाच्या घरी शूटिंग करते? लाज वाटू दे जरा!"

आबांनी हात हलवला. "तो... जि... जि..."

"बोलू नका, आबा," छगननं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "जीव लावला होता तुम्ही. आम्हाला ठाऊक आहे."

मग रांग लागली! जिनिंगमधले म्हातारे, किराणावाले घेवरचंद शेठ, डोक्याला रुमाल बांधलेले, न बांधलेले. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हणून बाया डबे घेऊन आल्या. ऋतिका एकेकाच्या पाया पडून सांगत होती आणि प्रत्येक जण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होता, "रड पोरी, मोकळं होतं."

आबांनी पाणी पिऊन घसा कसाबसा उघडला. आता सांगायचंच, म्हणून ते झुंबरबाईंकडं वळले. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "धुळ्याला उद्या सकाळी जाऊ आम्ही. पण पहिलं दार तुमचं, आबा."

आबांनी उघडलेलं तोंड परत मिटलं. मंडळी, खोटं कशाला सांगू, ते चांगले अर्धा तास गप्प बसले. आणि दहाव्यांदा रडले, ते कोणी न सांगता.

इकडं धुळ्यात नानांनी दुपारचा चहा पिता पिता मोबाइल उघडला, तर लोक त्यांना श्रद्धांजली वाहत होते! आबांचा फोन बंद. नाना तसेच उठले आणि मिळेल त्या एस.टी.नं निघाले. सबंध रस्ता उभ्यानं. भांडायचं ठरवूनच ते गल्लीत शिरले, पण पाय इतके दुखत होते, की आधी चादरीच्या टोकाला बसले.

शेजारचा म्हातारा खाली मान घालून बसला होता. नानांनी विचारलं, "माणूस कसा होता?"

"चांगला होता. भारी हेकट, पण चांगला. अभिमनशिवाय कोणी सांभाळलं नसतं त्याला."

"हेकट कोणाला म्हणतो रे? जित्ता शे ना मी अजून!"

झुंबरबाईंनी जी किंकाळी फोडली, ती रडण्यापेक्षा चढी होती! पळापळ झाली. कोणी नानांना चिमटा काढून पाहिला, कोणी छगनला शिव्या दिल्या. "एवढं रडलो, ते सगळं फुकट?" म्हणत लोक उठले. डबे मात्र कोणी परत नेले नाहीत. नेतात कसे? अर्धे आबांनी संपवले होते.

दार रिकामं झालं, तेव्हा उजेडही गेला होता आणि कॅमेऱ्याची बॅटरीही. ऋतिका पायरीवर डोकं धरून बसली. "आबा, पूर्ण फुटेजमध्ये दारावर माणसंच माणसं आहेत! माझ्या गोष्टीचं काय?"

"गोष्ट खोटी निघाली, पोरी," आबा खरखरले. "मी काय करू?"

नानांनी विचारलं, "रडायला कोण कोण उनं होतं?"

"बठ्ठा गाव. एक घर राहिलं नाही."

"तुझ्या दारावर?"

"माझ्या."

नाना चादरीवर नीट मांडी घालून बसले. तेवढ्यात हितेंद्रचा फोन आला. तो इतका ओरडत होता, की सगळ्या ओट्याला ऐकू येत होतं. "बाबा, कुठं आहात? लगेच घरी या!"

"येता येणार नाही," नाना शांतपणे म्हणाले. "घरात मयत झालीय. दहावं झाल्याशिवाय हलता येत नाही. रीत आहे."

"कोणाची मयत?"

"माझी." आणि त्यांनी फोन ठेवला.

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग चादरीकडं. "दहा दिवस राहतोस ते राहा. पण आत्ता उठ तिथून. रडून रडून कंबर गेली माझी, मला आडवं व्हायचंय."