सिस्टरच्या शोकेसमधला बेडपॅन

लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, पोरांची बक्षिसं असतात. आमच्या राजापेठेतल्या गल्लीत प्रमिला सिस्टरच्या शोकेसमध्ये स्टीलचा बेडपॅन आहे. मधल्या फळीवर, काचेआड, लख्ख. बाजूला शेकायची रबरी पिशवी, अन् पेशंटखाली घालायला जुन्या सुती लुगड्यांचे थर शिवून केलेल्या गाद्या.

सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली, एकटी राहणारी बाई. गल्लीत कोणी आजारी पडलं की तिचं सामान न्यायचं, काम झालं की घासून-उकळून परत आणायचं. मेडिकलमधून कोणी प्लास्टिकचं भांडं नेताना दिसलं की गेटातून ओरडते, "काम झाल्यावर फेकशीन कुठी व माय?" सुई अन् सलाईनची नळी मात्र एकदाच, तिथे तडजोड नाही. "रक्ताले लागलं ते एकदा. बाकीचं घासा, उकळा, उन्हात घाला!"

आता खरं सांगते, मला ही बाई बघवत नव्हती. ती येण्याआधी गल्लीत दुखलं-खुपलं की पहिली हाक मला असायची. ओव्याचा शेक माझा, काढा माझा. मग ही आली, अन् माझा ओवा डब्यातच राहिला.

मागच्या हिवाळ्यात आमचे हे मूर्तिजापूरला भाच्याच्या लग्नात पाय घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणायच्या आधीच मी मेडिकलमधून प्लास्टिकचा बेडपॅन आणून ठेवला. तिच्या दारात जायची वेळच नको! दोन दिवसांत त्याची कड तडकली अन् ह्यांना असा चिमटा बसला की गल्लीभर आवाज गेला. सिस्टर न बोलावताच हजर, हातात शोकेसमधला. तिने त्यात गरम पाणी फिरवलं, तो पुसला, मनगट टेकवून पाहिलं अन् मग अलगद सरकवला.

ह्यांनी डोळे मिटले. "वा! तू कावून नाही व गरम करत?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या पुरणपोळीलाही ह्या माणसाने असे डोळे मिटले नव्हते. पुढे मीही गरम करायला लागले, तर म्हणायचे, "सिस्टरसारखं नाही जमलं."

हे हिंडू-फिरू लागले तसं मी भांडं परत द्यायला काढलं. असं घासलं, की तिनेच लाजावं. पण आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. अन् ह्यात घालावं काय? साखर घातली असती तर मुंग्यांनीही विचार करूनच खाल्ली असती. शेवटी पाच संत्री ठेवली, सालीची असतात म्हणून. उंबऱ्यावरूनच द्यायचं अन् फिरायचं, असं ठरवून गेले.

मी कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. संत्री पाहून सिस्टर इतकी हसली, की डोळ्याला पदर लावावा लागला. "वैनी, लोकं चिवडा देतेत, तो बी येगळ्या पुडीत! यात फळं आणणाऱ्या तुमीच पहिल्या. बसा."

"घाई आहे हो."

"चहा तयार आहे."

टेबलावर दोन कप मांडलेले होते. मी विचारलं, "कोणी येणार आहे का?"

"तुमीच. परवा दादाले अंगणात चालताना पाह्यलं. म्हटलं, आता भांडं परत येईन. तवापासून दोन कप मांडून राहिली." ती खाली बघत संत्रं सोलत होती. "मेडिकलमधलं काम झालं की घंटागाडीत जाते. हे द्याले माणूस येते."

मी बसले. चहा माझ्यापेक्षा चांगला होता, तेही सांगून टाकते. ह्यांची झोप, ह्यांचं पोट, ह्यांचा चिडका स्वभाव, सगळं तिने विचारलं अन् मी सगळं सांगितलं. मग सांगायचं काही उरलं नाही. मी उठले, तशी ती पुसलेलंच टेबल पुन्हा पुसू लागली.

"आता काही लागत नसन ना दादाले?"

"वॉकर आहे का हो तुमच्याकडे?" मी विचारलं.

वॉकर घेऊन घरी आले तर हे काठीशिवाय झाडांना पाणी घालत होते. "मी तं मस्त चालून राहिलो. हे कावून आणलं?"

"परत द्याले," मी म्हटलं.