हजाराची लड

सोमवार, १४ मार्च १९६६. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चिखलीच्या शिबिरात माजी नाईक कडूबा टेबलाखाली गेला. जाताना त्याने मार्गदर्शन अधिकारी वामनराव यांनाही धोतराला धरून खाली ओढले.

लढाईतून मनाला धक्का बसून परतलेल्या जवानांना झेपेल असे काम सुचवावे, यासाठी शिबिर होते. अशांना मोठ्या आवाजापासून जपावे, असे परिपत्रकात स्पष्ट होते. मात्र त्याचे वाचन उद्घाटनानंतर ठेवले होते, आणि जवानांच्या सन्मानाचे उद्घाटन हजार फटाक्यांच्या लडीशिवाय कसे व्हावे?

"खालीच राहा साहेब. आणखी एक लड असंन," कडूबा म्हणाला.

फॉर्म हातातच होता. वामनरावांनी मुलाखत तिथेच उरकली.

"मले रोपवाटिकेत लावा. भाजीपाल्याच्या घरचा हाव मी. वांग्याच्या रोपाजवळ बसलो का हात कापत नाई."

रोपवाटिकेला बागकामाचा दाखला लागत होता. कडूबाला वांगी लावायला शिकवणाऱ्या बापाने दाखला दिला नव्हता. फौजेच्या पुस्तकात मात्र बारूद हाताळल्याची नोंद होती. विहिरी खोदणाऱ्या खात्याला सुरुंग लावणारा हवाच होता.

"साहेब, त्या आवाजानंच तर मी इथं आलो."

"आजाराचा रकाना वेगळा, अनुभवाचा वेगळा," वामनरावांनी समजावले. "दोन्ही एका टेबलावर जात नाहीत."

आठवड्याने कडूबाची बायको सोजराबाई कचेरीत गेली. म्हणाली, "वरणाले फोडणी देतानीबी मी ह्यायले आधी सांगते. हे काम बदला."

तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली. पूर्वसूचना मिळाल्यास उमेदवारास त्रास होत नाही, अशी नोंद झाली. प्रत्येक सुरुंगापूर्वी त्यास लेखी सूचना द्यावी, असा आदेश निघाला. सुरुंग तोच लावणार असल्याने सूचनाही त्यानेच काढून स्वतःकडून पोच घ्यावी, असे खाली जोडले होते.

शुक्रवारी कडूबा नेमणुकीचा कागद आणायला गेला. इकडे आपल्या गावात, अमडापुरात, त्याच्या सत्काराची बैठक बसली. फटाके नकोत, असे सोजराबाईने हात जोडून सांगितले. सगळ्यांना ते पटले. पण गावचा जवान नोकरीला लागला आणि वेशीवर शुकशुकाट, हे बरे दिसेना. सरपंच जानरावांनी मधला मार्ग काढला. हजाराऐवजी पाचशेची लड. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या.

सव्वाचारला एस.टी. आली. कडूबा तिच्यात नव्हता. अलीकडच्या वळणावर वांग्याचा मळा दिसला तसा तो उतरला, असे कंडक्टरने सांगितले. कागद सीटवरच होता.

सोजराबाई मळ्याकडे गेली आहे. लड वेशीवरच्या निंबाला टांगलेली आहे. काडेपेटी आपल्या हातात आहे.