पाच मिनिटांत बसवलेली माणसं

लघुपट पाच मिनिटांच्या आत संपला पाहिजे आणि त्या पाच मिनिटांत शेवटच्या नावांची पाटीही धरली जाईल, असा नियम होता. नगरच्या ज्या कॉलेजात मी हा अभ्यासक्रम केला, त्याच्या माहितीपत्रकात तो पहिल्याच पानावर छापलेला होता. मी तो नीट वाचला होता. नागापूरच्या कारखान्यात मी आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलं. दिलेल्या मापात काम बसवायची मला सवय होती, त्यामुळे नियमाची भीती वाटली नाही.

मी तिथे कसा गेलो ते आधी सांगतो. आमची मंडळी वारल्यावर सोनईच्या घरात मी एकटा राहिलो. मुलगा पार्थ पुण्याला असतो. तो रोज फोन करून जेवलात का विचारायचा आणि मी रोज हो म्हणायचो. एकदा त्याने जेवणात काय होतं ते विचारलं. मला सांगता येईना. पुढच्याच आठवड्यात त्याने लघुपट निर्मितीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला माझं नाव घातलं. वयाची अट नव्हती. वर्ग चालू ठेवायला जेवढे विद्यार्थी लागतात त्यात एक कमी पडत होता, हे मला नंतर कळलं.

शिकवायला सविता मॅडम होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विषय विचारला. माझ्या शेजारी बसणाऱ्या ओमने बेरोजगारी सांगितली. माझी पाळी आली.

"एक बाई उंबऱ्यात बसून चहा पिते," मी म्हणालो.

"मग?"

"मग कप खाली ठेवते आणि उठते."

"काका, यात संघर्ष कुठे आहे?"

"चहा संपेपर्यंत तिला बसू देत नाहीत. कोणी ना कोणी हाक मारतं."

मॅडमनी मान हलवली. "आणि संदेश?"

संदेश काही नव्हता. पार्थची आई रोज सकाळची कामं आवरून तशी बसायची, एवढंच होतं. पण अर्जातला संदेशाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. पाणी वाचवा, व्यसनमुक्ती, स्वच्छता आणि महिला सक्षमीकरण यांपैकी एक निवडायचं होतं. बाई बसलेली आहे, म्हणजे सक्षम झालेली असणार, असं धरून मॅडमनी मला चौथ्यात घातलं.

मला तो चहा का हवा होता, तेही सांगतो. ती गेल्यावर मी घरातले सगळे लग्नांचे व्हिडिओ काढून बघितले. भावकीतल्या प्रत्येक लग्नात ती होती, पण कॅमेऱ्यात नव्हती. तो जिथे वळायचा तिथून ती दुसरीकडे काहीतरी वाढायला गेलेली असायची. सगळं शोधून हाती लागलं ते एक कोपर आणि लुगड्याचा काठ. भिंतीवरचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. आधार कार्डावर माणूस जसा दिसतो तशीच ती त्यात दिसते. वर्षश्राद्धाला तिला कुणीतरी नीट बघावं, एवढी माझी इच्छा होती. त्यासाठी पाच मिनिटं खूप झाली, असा माझा हिशेब.

शूटिंगच्या दिवशी मी टोपी घातली. वर्गात दाखवलेल्या सगळ्या फोटोंत दिग्दर्शकाला टोपी होती. ओमने कॅमेरा घेतला. बसायला माझ्या धाकट्या भावाची बायको ज्ञानेश्वरी तयार झाली. ती उंबऱ्यात बसली, पण पाहुणी बसते तशी.

"असं नाही," मी दिग्दर्शकाच्या आवाजात म्हणालो. "एक पाय लांब कर. ती आरामात बसायची."

"भाऊजी, आराम कसला? गुडघा धरायचा जाऊबाईंचा, म्हणून त्या पाय लांब करायच्या."

मला ते माहीत नव्हतं. पण पटकथेत आराम लिहिला होता आणि ती मंजूर झाली होती, म्हणून मी आरामच शूट केला.

पुढे ओमने विचारलं, "काका, आतून हाक कोण मारणार? रोज कोण मारायचं?"

ज्ञानेश्वरीने माझ्याकडे बघितलं. ओमनेही बघितलं. ती भूमिका मी केली. आतल्या खोलीत जाऊन, "अगं, माझा चष्मा कुठंय?" असं ओरडलो. पहिल्याच वेळी ओके झालं. ओम म्हणाला, काका, तुमच्यात नट आहे.

चित्रपट तयार झाला. बाई झाडून घेते, चूल विझवते, चहा गाळते, उंबऱ्यात येऊन बसते, पिते, हाक येते, कप ठेवते, उठते. कप ठेवल्यावर तिचा हात थोडा वेळ कपावरच राहतो. ते ज्ञानेश्वरीने आपल्या मनाने केलं होतं आणि पार्थची आई अगदी तसंच करायची. ते बघून मी कॉलेजच्या संगणकासमोरून उठून बाहेर गेलो आणि बराच वेळ गाड्या बघत उभा राहिलो.

आत आलो तेव्हा ओम नावांची पाटी करायला बसला होता.

"काकूंच्या नावाने शेवटी अर्पण टाकायचं ना?" त्याने विचारलं.

"टाकू की. ते घरचंच आहे. आधी बाहेरच्यांचं बघू."

बाहेरचे दोनच होते. माझा चुलतभाऊ भिमाजी, सोसायटीचा माजी चेअरमन, शूटिंगला नारळ फोडून गेला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण नारळ त्याच्या गाडीत कायम असतो. दुसरा छगन मंडपवाला. त्याने लग्नातला मोठा दिवा आणून लावला होता. दोघांची नावं टाकली आणि पाटी दोघांना मोबाईलवर पाठवली. ही चूक कारखान्यातला माणूसच करू शकतो. कारखान्यात काम पूर्ण होण्याआधी ते तपासून घेतात.

भिमाजी संध्याकाळीच आला.

"सहादेवदादा, छगन्या माझ्या आधी?"

"अरे, बाराखडीनं लावलंय. छ आधी येतो."

"बाराखडी शाळेत. हितं मान बघायचा. लोक काय म्हनतील? मंडपवाला वर आन चेअरमन खाली?"

भिमाजीला स्वतंत्र पाटी दिली, फोटोसह. पाटी पडद्यावर किती वेळ राहावी याबद्दल त्याची अट साधी होती. बघणाऱ्याला खिशातून मोबाईल काढून फोटो घेता आला पाहिजे. त्याच्या फोटोची बातमी विरोधी पॅनेलला लागली. त्यांचाही फोटो त्याच मापाचा टाकला नसता तर वर्षश्राद्धाच्या पंगती दोन ठिकाणी उठल्या असत्या. छगन म्हणाला, "माझं काय न्हाई तात्या, नाव खाली टाका, पर मोबाईल नंबर टाका. आन 'सर्व प्रकारच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील' एवढं वाक्य."

मग कर्जतहून तिचा भाऊ अंगद आला. चहा घेतला नाही, उभ्यानेच बोलला.

"दाजी, बहीन आमची. आन पाटीवर सगळी तुमची भावकी?"

त्याचं बरोबर होतं. माहेर घातलं. माहेर घातल्यावर आजोळ राहिलं. कुठलंही नाव गाळायला मला धीर होईना, म्हणून शेवटी मी घरातली एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या क्रमाने चित्रपट लावला. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, व्यवस्थापक. चहाच्या चित्रपटाला स्वागतोत्सुक कशाला, असं ओमने विचारलं. मी म्हणालो, तू अजून लहान आहेस, तुझं लग्न होऊ दे. पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची नावं असतात तीही घेतली, नाहीतर त्यांच्या आया रुसल्या असत्या.

इतरांना नावं ठेवतोय, पण माझी पाटी सर्वांत मोठी होती. कथा, पटकथा, संवाद, कला, अभिनय, निर्मिती आणि दिग्दर्शन: सहादेव. बाजूला टोपीतला फोटो, गालाला हात लावलेला. चित्रपटात एकच संवाद होता आणि तो चष्म्याबद्दल होता.

प्रत्येक नवीन नावाला ओम मान वर करून विचारायचा, "काका, आता काय कापू?" पाच मिनिटांचा नियम जागचा हलत नव्हता. आधी झाडणं गेलं. मग चूल गेली. विरोधी पॅनेलसाठी चहा गाळणं गेलं. कर्जतकर आले तेव्हा तिचं उंबऱ्यात येऊन बसणं गेलं आणि किरकोळ नावांत पिणंही गेलं. माझी हाक मात्र राहिली, कारण ओमच्या मते तिथे अभिनय होता. हाक संपली की कपावर ठेवलेला हात दिसायचा आणि लगेच पुन्हा नावं.

वर्षश्राद्धाला कीर्तनानंतर छगनच्या मंडपात, छगनच्या पडद्यावर लघुपट लावला. फार चांगला चालला. प्रत्येक पाटीला टाळ्या पडल्या. ज्याचं नाव यायचं तो उठून फोटो घ्यायचा आणि मागचे त्याला बस म्हणायचे. माझी हाक आली तेव्हा लोक हसले. हात आला तेव्हा सगळे मोबाईलमध्ये आपला फोटो नीट आला का ते बघत होते. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या रंगुबाईंनी, माझ्या थोरल्या चुलतीने, मला हळूच विचारलं, "पिच्चर कवा सुरू व्हायचा रं?"

"झाला, काकू."

"व्हय का. ब्येस हुता."

कॉलेजात सविता मॅडमनी तो पुन्हा बघितला. वेळ बरोबर होती, संदेशाचा रकाना भरलेला होता. त्या म्हणाल्या, "काका, तांत्रिकदृष्ट्या पास आहात. फक्त हा कोणाबद्दल आहे ते मला कळलं नाही. त्यांचं नाव कुठे आहे?"

ओमने नावं मागे-पुढे फिरवून बघितली. नव्हतं. ज्याचं ज्याचं नाव राहिलं होतं तो भांडायला आला होता आणि त्याचं काम झालं होतं. ती आली नव्हती.

मॅडमनी दुरुस्तीला परवानगी दिली, पण पाच मिनिटं तीच. एक नाव घालायचं तर एक काढायचं. मी सोनईला येऊन भिमाजीकडे गेलो. त्याला म्हणालो, तुझी पाटी थोडी आखडती घेतो, हिचं नाव राहिलंय.

"वहिनीला पाटी कशाला दादा?" तो म्हणाला. "भिमाजीला न वळखनारं एखादं सापडंल, पर वहिनीला? सगळ्या गावाला नाव पाठ हाय त्यांचं."

"काय नाव?"

भिमाजीने तोंड उघडलं. मग आत स्वयंपाकघराकडे बघितलं.

"पार्थची आई," तो म्हणाला.

मी छगनकडे गेलो नाही. अंगदला फोन केला नाही, कारण त्याने 'ताई' सांगितलं असतं. सरळ नगरला गेलो आणि ओमला माझी पाटी काढायला सांगितली, फोटोसकट. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं, टोपीतला फोटो चांगला आला होता. पाटी काढल्यावर जागा एवढी निघाली की नाव बसून वर तिचं उंबऱ्यात येऊन बसणंही परत घालता आलं.

ओमने बोटं कळफलकावर ठेवली. "बोला काका. काय नाव टाकू?"

आमच्यात बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही. मी तिला सगळा संसारभर 'अगं' म्हणत आलो. वर्गात मुलं होती, मॅडम होत्या. मी नाव सांगितलं. आवाज फार लहान आला, ओमला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. त्याने ते टाइप केलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ते आलं आणि कोणालाही मोबाईल काढून त्याचा फोटो घेता येईल इतका वेळ तिथे राहिलं.

तुम्ही भिमाजीला हसला असाल. हसायला हरकत नाही, मीही हसलो. पण तुम्ही इथपर्यंत आलात. ओम, छगन, अंगद, रंगुबाई, सगळे तुमच्या ओळखीचे झाले. जिच्यासाठी हे सगळं केलं तिचं नाव मी या लिखाणात कुठेच दिलेलं नाही, आणि त्यावाचून तुमचं काही अडलं नाही.