एकोणचाळीस अटी आणि एक निर्दोष वेळापत्रक

संगणकाचे प्रोग्राम गणिती पद्धतीने कसे रचावेत, या विषयावरची आमची नववी वार्षिक परिषद गेल्या गुरुवारी एकही चूक न होता पार पडली. हे माझं मत नव्हे, तसं सिद्ध झालेलं आहे. मी परिषदेचा कार्यवाह. गणितात मला गती नाही. खुर्च्या, पिशव्या, फलक आणि इतिवृत्त एवढंच माझं खातं. तरीही हे टिपण मलाच लिहावं लागतंय, कारण गणित येणाऱ्या दोनशे माणसांपैकी एकानेही ते लिहायची तयारी दाखवली नाही.

आधी पद्धत सांगतो. तुमच्याआमच्यासारखा माणूस आधी प्रोग्राम लिहितो, मग चालवून बघतो आणि मग डोक्याला हात लावून बसतो. या मंडळींना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रामने काय काय पाळायला हवं त्या अटी आधी कागदावर मांडा. मग भूमितीतल्या प्रमेयासारखा, पायरीपायरीने, त्या अटींतूनच प्रोग्राम काढा. असा काढलेला प्रोग्राम चुकूच शकत नाही, त्यामुळे तो चालवून बघायची गरज उरत नाही. चालवून बघणं म्हणजे बायकोच्या मागावर राहण्यासारखं आहे, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. यावर त्यांच्या पत्नीचं मत कुणी विचारलेलं नाही.

अध्यक्षांना सगळे अतएव सर म्हणतात, अर्थात पाठीमागे. त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दावर येऊन टेकतं. "आभाळ भरलंय, अतएव छत्री," असं ते स्वतःशीही बोलतात आणि छत्री विसरून जातात.

यंदा त्यांनी ठरवलं, की परिषदेचं वेळापत्रकसुद्धा याच पद्धतीने काढायचं. त्याला कारण गेल्या वर्षीचा गोंधळ. वीस मिनिटं दिलेले एक ज्येष्ठ पाहुणे दीड तास बोलले. एकाच सभागृहात एकाच वेळी दोन वक्ते उभे राहिले आणि दोघेही हटेनात. एका सत्रात तिघे घोरत होते, त्यातले एक सत्राचे अध्यक्ष होते. समितीने या सगळ्या तक्रारींवर चार बैठका घेतल्या आणि एकोणचाळीस अटी तयार केल्या. कोणतंही भाषण उशिरा सुरू होऊ नये. कोणत्याही वक्त्याने वेळ ओलांडू नये. कोणत्याही भाषणात कुणी डुलकी घेऊ नये. कोणत्याही जेवणात कुणाच्या ताटात गार अन्न पडू नये. अतएव सरांनी अकरा पानी सिद्धता लिहिली, प्रोग्राम काढला, आणि मला म्हणाले, "जा, छापून आणा."

मी छापून आणलं. वर परिषदेचं नाव होतं, खाली तारीख होती, कडेने सुरेख चौकट होती. मध्ये काही नव्हतं.

"सर, कागद कोरा आलाय," मी म्हणालो.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद बराच वेळ न्याहाळला. "सांगा बरं, यात कोणतं भाषण उशिरा सुरू होतंय?"

"कोणतंच नाही, सर."

"कोणता वक्ता वेळ ओलांडतोय?"

"वक्ताच नाही हो!"

"म्हणजे कोणीही ओलांडत नाही. कुणाला डुलकी लागतेय? कुठे दोन भाषणं एकमेकांवर आदळताहेत?" एकेका अटीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत ते एकोणचाळीसपर्यंत आले. "सगळ्या पाळल्या गेल्या. अतएव वेळापत्रक निर्दोष आहे. लावा फलकावर."

मी आपली माझ्या अकलेप्रमाणे एक सूचना केली. म्हटलं, सर, निदान एक तरी भाषण व्हावं अशी अजून एक अट घालू. मनाविरुद्ध का होईना, त्यांनी ती घालून पाहिली. प्रोग्रामने उत्तर दिलं, 'असे वेळापत्रक अस्तित्वात नाही.' सर खुशीत आले. "बघा, हेही सिद्ध झालं. वेळेत संपणारं आणि कुणालाही झोप न आणणारं भाषण जगात असूच शकत नाही." अनुभवाने मला हे पटण्यासारखं होतं, म्हणून मी कोरा कागद फलकावर लावला.

आता यात माझा घरचा मामला येतो. माझी मेहुणी, जिला घरात आम्ही सगळे धाकटी म्हणतो, एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते. आठ वर्षं शिकवतेय, आठही वर्षं तात्पुरती. दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी नवी धाकधूक. यंदा कायम जागेची मुलाखत सोमवारी होती आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी ती शेवटचीच होती. मुलाखतीला एका मान्यताप्राप्त परिषदेत निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र लागत होतं. तिचा निबंध आमच्या परिषदेने स्वीकारला होता. "अहो, तुम्ही कार्यवाह आहात ना? मग तिला नीट वेळ मिळेल एवढं बघा," असं बायकोने मला पंधरा दिवसांत निदान वीस वेळा बजावलं होतं. मी वीस वेळा हो म्हणालो होतो.

गुरुवारी सकाळी दोनशे विद्वान सभागृहात येऊन बसले. पडद्यावर वेळापत्रक झळकलं. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना वाटलं की यंत्र बिघडलंय. एकाने उठून जोडणीची वायर हलवून पाहिली. मग अतएव सरांनी सिद्धतेच्या प्रती वाटल्या आणि सभागृहात पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला. अकराव्या पानापर्यंत किती जण पोचले ते मला माहीत नाही. पण पहिल्या रांगेतले ज्येष्ठ पाहुणे, तेच दीड तासवाले, सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, "इतकं मोकळं वेळापत्रक मी हयातीत पाहिलं नाही." ते टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच वाजवू लागले.

धाकटीने मागच्या रांगेतून माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच थांब म्हटलं, म्हणजे मी काहीतरी करतोय असं तिला वाटावं.

दुपारी आचारी थेट सभागृहात आला. हातात पळी, खांद्यावर फडकं.

"साहेब, दोनशे पानांचा स्वयंपाक तयार आहे. माणसं पाठवा की."

"वेळापत्रकात जेवण नाही," सर म्हणाले. "जेवण ठेवलं की कुणाच्या तरी ताटात गार पडतं. अतएव नाही."

"अहो, जेवण गरम आहे, माणसं भुकेली आहेत. मध्ये आडवं कोण आलंय?"

"गणित."

आचाऱ्याने एकवार सगळ्यांकडे बघून घेतलं. "मग त्याला म्हणावं, जरा बाजूला हो," असं म्हणून तो गेला आणि त्याने मागचं दार सताड उघडून ठेवलं. वास आत आला. पाच मिनिटांत सभागृह रिकामं झालं. रांगेत ढकलाढकली झाली, निम्म्यांना गार मिळालं, दोघांच्या सदऱ्यावर आमटी सांडली. इतिवृत्तात मी सरांच्या सांगण्यावरून लिहिलं, 'शिल्लक अन्नाची विल्हेवाट लावण्यात आली.' जेवण झालंच नसल्यामुळे जेवणाबद्दल एकही तक्रार नोंदली गेली नाही.

जेवणानंतर, म्हणजे विल्हेवाटीनंतर, धाकटी उठली. हातात बावीस पानं. बोलणं स्वच्छ होतं.

"सर, माझा निबंध नेमका याच चुकीवर आहे. आमच्या ग्रंथालयासाठी मी असाच प्रोग्राम काढला होता. कोणतंही पुस्तक हरवू नये, फाटू नये, उशिरा परत येऊ नये, अशा अटी घातल्या. त्याने एकही पुस्तक कुणाला दिलंच नाही! वर्षभर आम्हाला वाटलं, काय शिस्त आली मुलांना. आपण 'वाईट होऊ नये' एवढंच लिहितो, 'काहीतरी व्हावं' हे लिहायला विसरतो. ही चूक आधीच कशी ओळखायची ते मी यात दाखवलंय. मला वीस मिनिटं द्या. पंधरा द्या."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, निबंध उत्तम आहे, मी स्वतः वाचलाय. पण तुमचं म्हणणं बरोबर असेल, तर आमचं वेळापत्रक चूक ठरतं. ते चूक नाही हे अकरा पानांत सिद्ध आहे. अतएव... तरी मी हुकूमशहा नव्हे. सभागृहाला विचारतो. यांचं ऐकावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा."

सभागृहात दोनशे माणसं होती. प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचा न वाचलेला निबंध होता, आणि प्रत्येकाला संध्याकाळचं प्रमाणपत्र हवं होतं. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी सिद्धतेच्या सातव्या पानावर एकाएकी बोट ठेवून वाचत होतं. धाकटी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या उजव्या हातात लेखणी होती. डावा हात मोकळा होता, तो मी फायलीवर ठेवला. इतिवृत्तात लिहिलं, 'ठरावाच्या बाजूने शून्य. विरुद्ध मत विचारण्याची आवश्यकता भासली नाही.' मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

ती खाली बसली.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. मजकूर सरांचा होता. 'प्रमाणित करण्यात येते की, यांनी या परिषदेत वाचलेला प्रत्येक निबंध उच्च दर्जाचा, वेळेत संपलेला आणि कोणाचीही शंका शिल्लक न ठेवणारा होता.' धाकटीने ते दोनदा वाचलं.

"सर, पण मी वाचलाच नाही!"

"म्हणूनच तर विधान शंभर टक्के खरं आहे. तुम्ही इथे वाचलेल्यांपैकी एक तरी निबंध हलक्या दर्जाचा होता, हे दाखवा पाहू. नाही ना दाखवता येत? अतएव घ्या, आणि खुशाल लावा अर्जाला."

सोमवारी ती मुलाखतीला गेली. जाताना बायकोला सांगून गेली, की मी खोटेपणा करणार नाही, तिथे सरळ सगळं सांगून टाकणार. आणि पोरीने खरंच सांगितलं. निवड समितीपुढे प्रमाणपत्र ठेवून म्हणाली, "साहेब, मी तिथे एकही निबंध वाचलेला नाही."

समितीचे प्रमुख हसले. "बाई, विनय चांगला, पण किती? इथे स्पष्ट लिहिलंय, प्रत्येक निबंध. म्हणजे बरेच असणार. बाकीचे उमेदवार एकेकाच निबंधाचं घेऊन आलेत."

तिची निवड झाली. बायको आनंदाने रडली, शेजाऱ्यांना सांगून आली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून झालं हो." मी मान हलवली. धाकटी पेढ्यांचा डबा हातात घेऊन समोर उभी होती. तो माझ्यापुढे धरून तिने अगदी हळू विचारलं, "भाऊजी, हात का नाही वर केलात?"

कार्यवाहाने निरुत्तर राहून कसं चालेल? मी कोरं प्रमाणपत्र काढलं आणि सरांच्याच पद्धतीने स्वतःपुरतं लिहून घेतलं, 'प्रमाणित करण्यात येते की, मी आजवर ज्या ज्या सभेत अन्यायाविरुद्ध हात वर केला, त्या प्रत्येक सभेत न्याय झाला.' सहा वेळा तपासलं. एक अक्षर खोटं नाही.

मजकूर इतका जमला, की मी त्याच्या काही प्रती जादा काढून ठेवल्यात. नावाची जागा रिकामी आहे. तुम्ही आपलं नाव घाला. तुमच्या बाबतीतही ते खरं आहे की नाही, हे तपासायची गरज मला वाटत नाही.